जुन्या इमारतीचं स्टील नव्या इमारतीत वापरायचं, तर ते उतरवण्याआधी काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९८०च्या दशकात बांधलेली, स्टीलच्या सांगाड्याची एक दुमजली इमारत पाडायची आहे. त्याच मालकाला शेजारी नवी इमारत उभी करायची आहे. बीम आणि कॉलम दिसायला धडधाकट आहेत, पण मूळ ड्रॉइंग सापडत नाहीत. पाडकाम करणारा म्हणतो, "भंगारात द्या, वितळून नवं होतंच की. जुन्याच्या नादी कशाला लागता?" मग हे स्टील जसंच्या तसं वापरता येईल का, त्याची ताकद सिद्ध कशी करायची आणि एवढ्या खटपटीतून वाचतं काय?

वापरता येईल. मी गेली बावीस वर्षं स्टीलच्या इमारतींचं डिझाइन करतो. त्यातली निम्मी वर्षं उतरवलेलं स्टील तपासून पुन्हा उभं करण्यात गेली. एवढ्या काळात ताकद नाही म्हणून बाद करावे लागलेले बीम थोडेच निघाले. चुकीच्या पद्धतीने कापल्यामुळे किंवा कोणता बीम कुठला हेच कळेनासं झाल्यामुळे भंगारात गेलेले मात्र ढिगाने पाहिले. जुन्या स्टीलची ताकद बहुतेक वेळा शाबूत असते, आपण हरवतो ती त्याची ओळख. म्हणून खालचं बरंचसं उत्तर ती ओळख कशी टिकवायची याबद्दल आहे.

आधी "जुनं म्हणजे कमजोर" ही शंका दूर करू. इमारतीतल्या स्टीलवरचा भार बहुतांशी स्थिर असतो. माणसं, फर्निचर, भिंती, स्लॅब यांच्या वजनाने बीम किंचित वाकतो आणि भार काढला की पुन्हा सरळ होतो. या मर्यादेत स्टील वयाने थकत नाही. चाळीस वर्षांपूर्वीचा गंज न लागलेला बीम आज मोजला तर त्याचा लवचिकता गुणांक, म्हणजे भाराखाली स्टील किती कमी-जास्त ताणलं जातं हे सांगणारा आकडा, तेवढाच भरतो, साधारण २१० गिगापास्कल. थकवा येतो तो लाखो वेळा उलटसुलट ताण पडल्यावर. म्हणून पुलांचे गर्डर, क्रेन ज्यावरून फिरते ते गॅन्ट्री बीम आणि कंप पावणाऱ्या यंत्रांखालचे बीम मी पुनर्वापराच्या यादीत घेतच नाही. आगीत सापडलेले, भूकंपात वाकलेले आणि गंजाने जाडी लक्षात येण्याइतकी घटलेलेही बाजूला ठेवतो. आगीनंतर सरळ राहिलेला गरम-रोल केलेला साधा बीम थंड झाल्यावर बरीचशी ताकद परत मिळवतो हे खरं. पण त्याच्या शेजारचे ८.८ ग्रेडचे, म्हणजे जास्त ताकदीचे, बोल्ट उष्णतेने नरम पडलेले असतात, आणि तो किती तापला होता हे नंतर खात्रीने सांगता येत नाही. बाकी पुरेसं स्टील असताना तो वाद कशाला घालायचा?

आता "वितळून नवं होतंच" या मुद्द्याकडे येतो, कारण तो खोटा नाही. स्टीलइतकं इमानाने भट्टीत परत जाणारं बांधकाम साहित्य दुसरं नाही. पण भट्टीत जाऊन येणं फुकट होत नाही. लोहखनिज आणि कोळशापासून ब्लास्ट फर्नेसच्या मार्गाने एक टन स्टील तयार करताना साधारण २.३ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भंगारापासून विजेच्या भट्टीत केलं तर जागतिक सरासरी ०.७ टनाच्या आसपास येते, आणि वीज कशापासून केली आहे त्यानुसार ती बरीच वरखाली होते. आयपीई ३०० हा युरोपीय मापाचा, ३०० मिलिमीटर खोलीचा नेहमीचा बीम घ्या. त्याचं वजन मीटरला ४२ किलो, म्हणजे सहा मीटरचा बीम अडीचशे किलोचा. तो भंगारात देऊन विजेच्या भट्टीतून आलेला तसाच नवा घेतला तर पावणेदोनशे किलो कार्बन डायऑक्साइड गेला. खनिजापासूनचा नवा घेतला तर पावणेसहाशे किलो.

इथे माझ्या क्षेत्रातल्या बऱ्याच लोकांशी माझं पटत नाही. ते पुनर्वापराचा फायदा सांगताना सरळ २.३ चा आकडा लावतात. पण जगात भंगार मर्यादित आहे आणि जेवढं निघतं तेवढं जवळजवळ सगळं खपतं. तुम्ही एक टन बीम पुन्हा वापरलात तर बाजारात एक टन नव्या स्टीलची मागणी कमी झाली, पण एक टन भंगारही कमी आलं. सगळी साखळी धरली तर तुमचा खरा वाचलेला भाग म्हणजे ते भंगार वाहून नेणं, पंधराशे-सोळाशे अंश सेल्सिअसला वितळवणं आणि पुन्हा रोल करणं. म्हणजे ०.७ च्या जवळचा आकडा. मी अहवालात दोन्ही आकडे लिहितो आणि निर्णय लहान आकड्यावर घेतो. लहान आकड्यावरही पुनर्वापर टिकतो, त्यामुळे फुगवायची गरजच पडत नाही.

शिवाय कार्बनच्या आकड्यात न दिसणारा एक फायदा आहे. भंगारासोबत मोटारींच्या वायरींमधलं तांबं भट्टीत जातं आणि वितळलेल्या स्टीलमधून ते व्यवहार्य खर्चात काढता येत नाही. फेरीगणिक ते साचत जातं, आणि प्रमाण वाढलं की रोल करताना पृष्ठभागाला चिरा पडतात. स्वच्छ रसायन असलेला चांगला बीम अशा मिसळीत टाकला की त्याचं तेही मोल जातं.

आता कामाचं बोलू. पहिली पायरी इमारत उभी असतानाची, आणि हीच सगळ्यात मोलाची. बीम जागेवर असतो तेव्हा तो स्वतःबद्दल खूप काही सांगत असतो: किती गाळ्याचा (दोन आधारांमधल्या अंतराचा) आहे, किती भार घेतोय, त्याचे भाऊबंद कोणते. एकाच मजल्यावर, एकाच मापाचे, एकाच कामाला लावलेले बीम बहुतेक एकाच वेळी मागवलेले असतात. ते जमिनीवर आले की हे नातं तुटतं. म्हणून पाडकामाची निविदा काढण्याआधी दोन माणसं घेऊन इमारत फिरा. प्रत्येक मजल्याचा हाताने आराखडा काढा. प्रत्येक बीमची खोली (उंची), फ्लँजची (वरच्या-खालच्या आडव्या पट्टीची) रुंदी, फ्लँज आणि वेबची (मधल्या उभ्या पट्टीची) जाडी कॅलिपरने मोजा. रंगाचा थरही त्यात मोजला जातो, तेव्हा एका जागी खरवडून घ्या. मापं मिळाली की जुन्या सेक्शन टेबलमध्ये (बीमच्या प्रमाणित मापांच्या तक्त्यात) शोधा. नव्या टेबलमध्ये सापडलं नाही म्हणून घाबरू नका. रोलिंग मिलची मापं काळानुसार बदलली आहेत, आणि जे टेबल जुळतं तेच बीम कधी आणि कुठल्या मानकानुसार बनला हे सांगून जातं.

बांधकामाचं वर्ष हा मोठा धागा आहे. अमेरिकेत १९६० मध्ये ए३६ हे मानक आलं, त्याआधीच्या ए७ ची यील्ड ताकद (ज्या ताणाला स्टील कायमचं वाकू लागतं ती) त्याहून थोडी कमी होती. ब्रिटनमध्ये १९६८ मध्ये बीएस ४३६० आलं आणि त्यातला ग्रेड ४३ म्हणजे ढोबळमानाने आजचा एस २७५, म्हणजे २७५ मेगापास्कल यील्ड ताकदीचा ग्रेड. जुन्या बीमच्या वेबवर कधीकधी मिलचं नाव उठावाच्या अक्षरांत रोल केलेलं असतं. डॉर्मन लाँग, कार्नेगी ही नावं रंगाच्या चार थरांखालूनही बोटांना लागतात. त्या बीमला निम्मं प्रमाणपत्र तिथेच मिळालं असं मी समजतो. तुमची इमारत १९८०च्या दशकातली, त्यामुळे तुम्ही सोयीच्या काळात आहात. स्टील कन्स्ट्रक्शन इन्स्टिट्यूट या ब्रिटिश संस्थेने २०१९ मध्ये पी ४२७ हा पुनर्वापराचा दस्तऐवज काढला, तो १९७० नंतरच्या स्टीलसाठीच लिहिलेला आहे. त्याहून जुन्या स्टीलमध्ये गंधक, फॉस्फरस आणि नायट्रोजनचं प्रमाण बेभरवशाचं असतं, आणि एकोणिसाव्या शतकातल्या इमारतीत तर रॉट आयर्न (घडीव लोखंड) किंवा कास्ट आयर्नही (ओतीव लोखंड) निघतं. त्यांचं गणित पूर्ण वेगळं.

याच फेरीत दोन धोके शोधून ठेवा. एक, आगीपासून संरक्षण म्हणून फवारलेला थर. त्या काळापर्यंतच्या काही इमारतींत त्यात अॅस्बेस्टॉस असतो. दुसरा, रंगातलं शिसं. शेंदरी प्रायमर दिसला की माझा हात थांबतो. नमुना प्रयोगशाळेत जाऊन येईपर्यंत त्या बीमवर ग्राइंडर, गॅस किंवा ब्लास्टिंग (जोराने कण मारून साफ करणं) काहीही चालवू देऊ नका. शिशाचा रंग गॅस कटरने तापवला की त्याचा धूर थेट माणसाच्या फुप्फुसात जातो. या बाबतीत वेळ वाचवू नका.

मग उतरवणं. पाडकाम करणाऱ्या टोळीचा हात वेगावर बसलेला असतो, त्यात त्यांचा दोष नाही. भंगार वजनावर जातं, दीड मीटरचे तुकडे ट्रकमध्ये छान बसतात. त्यांना पहिल्या दिवशी मी एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगतो: बोल्ट कापा, बीम नाही. चाळीस वर्षांचे बोल्ट पान्याने सुटत नाहीत, रंगाने आणि गंजाने घट्ट बसलेले असतात. तेव्हा माणूस साहजिकच जोडापासून वीतभर आत बीमवर कटर लावतो. दोन्ही टोकांना असं झालं की नऊ मीटरचा बीम साडेआठचा उरतो, आणि नव्या इमारतीत नेमका तोच अर्धा मीटर कमी पडतो. बोल्टचं डोकं ग्राइंडरने उडवायला चार मिनिटं जास्त लागतात. बोल्ट तसेही पुन्हा वापरायचे नसतात. एकदा ताणून बसवलेला बोल्ट दुसऱ्यांदा कसा वागेल याची खात्री देता येत नाही.

स्लॅब बीमवर नुसती टेकलेली आहे की स्टडने (बीमवर वेल्ड केलेल्या खुंट्यांनी) जखडलेली, यावर सगळ्या कामाचा वेग ठरतो. स्टील डेकवर काँक्रीट आणि बीमच्या डोक्यावर वेल्ड केलेले १९ मिलिमीटरचे स्टड असतील तर बीमच्या दोन्ही बाजूंनी स्लॅब करवतीने कापायची, मधले तुकडे क्रेनने काढायचे, बीमवर काँक्रीटची पट्टी राहू द्यायची आणि ती खाली जमिनीवर नेऊन फोडायची. वर उभं राहून ब्रेकरने स्टडभोवतीचं काँक्रीट फोडत बसलात तर फ्लँज ठेचला जातो.

उतरवण्याचा क्रम इंजिनिअरनेच ठरवायचा. इमारत उभी करताना जी चीज शेवटी बसते ती सुटताना आधी निघते, पण ब्रेसिंग (सांगाडा बाजूला कलू नये म्हणून लावलेले तिरके दांडे) त्याला अपवाद आहे. ते शेवटपर्यंत हलवायचं नाही, किंवा हलवण्याआधी तात्पुरता आधार द्यायचा. स्लॅब काढून टाकल्यावर बीमच्या वरच्या फ्लँजचा बाजूचा आधार जातो आणि कॉलम एकटे पडतात. त्या अवस्थेतला सांगाडा मूळ इमारतीच्या हिशेबात कुणी तपासलेला नसतो. माणसं जखमी होतात ती याच टप्प्यात. या क्रमाचं लेखी ड्रॉइंग हातात नसेल तर मी काम सुरू करू देत नाही.

नंबर टाकण्याबद्दल एक अनुभव सांगतो. माझ्या पहिल्या मोठ्या कामात एकशे चाळीस बीम उतरवले होते. प्रत्येकावर ठळक खडूने नंबर लिहून घेतला, वही नीट भरली, फोटो काढले. बीम उघड्या जागेत रचले आणि मी दुसऱ्या कामाला गेलो. तीन आठवड्यांनी परत आलो तोवर दोनदा जोराचा पाऊस होऊन गेला होता. एकाही बीमवर अक्षर उरलं नव्हतं. त्यात दोन जातींचे बीम होते, खोलीत बारा मिलिमीटरचा फरक, आणि एका जातीला वहीत चांगला ग्रेड मिळालेला. सगळे पुन्हा मोजावे लागले. मापावरून जाती वेगळ्या झाल्या, पण कोणता बीम कुठल्या मजल्यावरचा हे कायमचं गेलं आणि दोन गटांऐवजी पाच गटांच्या चाचण्या कराव्या लागल्या. त्यानंतर मी खडू वापरलेला नाही. आता वेबवर, दोन्ही टोकांना, लोखंडी अक्षर-पंचने नंबर ठोकतो. टोक कापलं जाईल म्हणून टोकापासून मीटरभर आत. आणि हे बीम जागेवर असतानाच, क्रेनचा पट्टा बांधण्याआधी.

चाचणी म्हणजे नेमकं काय करतात, ते एका बीमवर दाखवतो. बीम लाकडी ठोकळ्यांवर उभा ठेवलेला आहे. आधी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वेबलगत दोरी ताणायची आणि मधे फट किती येते ते पट्टीने बघायचं. सहा मीटरला सहा-आठ मिलिमीटरच्या आत असेल तर मी पुढे जातो, जास्त असेल तर सरळ करण्याच्या खर्चाचा विचार वेगळा. मग फ्लँजवर, टोकाजवळ, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा भाग ग्राइंडरने साफ करायचा. नुसता रंग काढून चालत नाही. रोलिंगच्या वेळी पृष्ठभागावरचा कार्बन थोडा जळालेला असतो, तो नरम थर काढून खालचं धातूसारखं चकचकीत अंग दिसलं पाहिजे. शेवटी बारीक पॉलिश कागद. तिथे हातातल्या यंत्राने कठीणपणा मोजायचा, एका जागी पाच-सहा वाचनं, प्रत्येक ठसा आधीच्यापासून थोडा दूर.

ब्रिनेल या मापातल्या कठीणपणाला साधारण ३.४ ने गुणलं की तुटण्याच्या ताकदीचा अंदाज मेगापास्कलमध्ये येतो. वाचनं १३० ते १४० च्या दरम्यान आली म्हणजे ताकद ४४० ते ४७५. आता इथे घाई करू नका. एस २७५ ची तुटण्याची ताकद मानकानुसार ४१० ते ५६० असते आणि एस ३५५ ची ४७० ते ६३०. म्हणजे ४९० चा आकडा दोघांपैकी कुणाचाही असू शकतो. नुसत्या कठीणपणावरून ग्रेड ठरवणारा माणूस अंदाज बांधतोय, तपासत नाही. कठीणपणाचा खरा उपयोग वेगळा आहे: गटातले सगळे बीम एकसारखे आहेत का, की मधेच एखादा परका घुसला आहे, हे तो दाखवतो. म्हणून ही चाचणी प्रत्येक बीमवर करायची. आणि पातळ फ्लँजवर लीब पद्धतीच्या (ठोका मारून उसळी मोजणाऱ्या) यंत्राचा आकडा फसवा येतो, कारण पातळ भाग ठोक्याने थरथरतो. तिथे दुसऱ्या पद्धतीचं यंत्र वापरावं.

ग्रेड ठरतो तो नमुना ओढून तोडल्यावर. पी ४२७ ची पद्धत मला व्यवहार्य वाटते. एकाच इमारतीतले, एकाच मापाचे, एकाच कामाचे बीम एका गटात घ्यायचे, गट २० टनांपेक्षा मोठा करायचा नाही, कठीणपणा सगळ्यांचा मोजायचा आणि नेहमीच्या जोखमीच्या इमारतीसाठी गटातल्या किमान एका बीमचा नमुना प्रयोगशाळेत तोडायचा. जास्त जोखमीच्या इमारतीला जास्त नमुने. मी स्वतः एकावर थांबत नाही, किमान तीन घेतो, कारण एक आकडा खरा की अपघाती हे तो एकटा सांगू शकत नाही. नमुना फ्लँजमधून घ्यावा. वेब पातळ असल्याने तिची यील्ड ताकद सहसा जास्त भरते आणि खोटा दिलासा देते. नमुना करवतीने कापा. गॅसने कापलात तर कडेचं स्टील तापून बदललेलं असतं आणि तुम्ही बीमऐवजी कटरच्या ज्योतीची चाचणी करून बसता.

रसायनही बघावं लागतं, कारण नव्या इमारतीत क्लीट (जोडाचे छोटे कोन) आणि प्लेट वेल्ड कराव्या लागणार. कार्बन इक्विव्हॅलंट, म्हणजे वेल्डिंग किती अवघड जाईल हे सांगणारा आकडा, काढताना कार्बनमध्ये मँगनीजचा सहावा भाग, क्रोमियम, मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियमच्या बेरजेचा पाचवा भाग आणि निकेल-तांब्याच्या बेरजेचा पंधरावा भाग मिळवतात. ०.४५ च्या आत आलं तर नेहमीच्या जाडीला नेहमीच्या पद्धतीने वेल्डिंग होतं, त्यापुढे आधी तापवून घेणं आणि इलेक्ट्रोडची निवड यांचा विचार येतो. इथे एक चूक वारंवार दिसते. हातात धरायचं एक्स-रे यंत्र भाड्याने आणतात, सुंदर छापील यादी मिळते, आणि तिच्यात कार्बनच नसतो. ते यंत्र कार्बन मोजत नाही. ठिणगीवर चालणारं स्पेक्ट्रोमीटर लागतं किंवा खरवडलेला किस प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. थंड हवेत उघड्यावर राहणाऱ्या भागांसाठी शार्पीची आघात चाचणीही (थंडीत स्टील ठिसूळ होऊन तुटतं का ते बघणारी) करा. इमारतीच्या आत, उबदार जागी राहणाऱ्या बीमला तिची निकड कमी.

एवढं झालं की डिझाइन. इथे इंजिनिअरला जुनी सवय मोडावी लागते. एरवी आपण हिशेब करतो, सेक्शन ठरवतो आणि तो मागवतो. जुन्या स्टीलमध्ये यादी आधी असते आणि इमारत नंतर. स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरमध्ये के ११८ नावाची इमारत २०२१ मध्ये पूर्ण झाली. तिच्या वाढीव मजल्यांसाठी बाझलमधल्या एका वितरण केंद्राच्या सांगाड्याचं स्टील आणलं गेलं, आणि त्या सांगाड्याच्या मापांना धरूनच वरची आखणी झाली. नेदरलँड्समध्ये लायडनला बायोपार्टनर ५ या प्रयोगशाळेच्या इमारतीत जवळच्याच विद्यापीठाच्या जुन्या इमारतीचं १६५ टन स्टील पुन्हा उभं राहिलं. दक्षिण लंडनमध्ये २००२ मध्ये झालेल्या बेडझेड वसाहतीत बहुतेक स्टील पुन्हा वापरलेलं आहे, त्यातलं काही ब्रायटन रेल्वे स्थानकाच्या दुरुस्तीतून आलेलं. २०१२ च्या लंडन ऑलिंपिक स्टेडियमच्या छताच्या कड्याला तर गॅसच्या पाइपलाइनचे शिल्लक राहिलेले पाइप लावले. के ११८ सारख्या कामात आधी स्टील सापडतं आणि मग पेन्सिल उचलली जाते. तुमचं नशीब असं की स्टील आणि नवी इमारत एकाच मालकाची, एकाच आवारात आहे. दोन गाळ्यांमधलं अंतर जुन्या इमारतीएवढंच ठेवता आलं, तर अर्धं काम तिथेच झालं.

ग्रेड नक्की कळला नाही तर सगळं फसलं, असं समजू नका. आयपीई ३०० चा आठ मीटर गाळ्याचा, वरून स्लॅबचा आधार असलेला बीम घ्या. चल भाराखाली (माणसं, फर्निचर यांच्या बदलत्या वजनाखाली) तो गाळ्याच्या ३६० व्या भागापेक्षा जास्त वाकू नये, ही नेहमीची अट. त्या अटीत तो मीटरला सुमारे ७.३ किलोन्यूटन चल भार घेतो. त्यावर ४ किलोन्यूटन स्थिर भार (स्लॅब, भिंती) धरून सुरक्षा गुणकांसह बेरीज केली तर १६.४ होते. आता यील्ड ताकद सगळ्यात खालची, २३५ मेगापास्कल, धरली तरी बीमची ताकद १८.४ पर्यंत पुरते. म्हणजे निर्णय वाकण्याच्या मर्यादेने होतोय, ग्रेडने नाही. हाच बीम एस ३५५ चा आहे हे सिद्ध करायला तुम्ही महिनाभर घालवलात तरी त्याला जास्त भार देता येणार नाही, कारण लवचिकता गुणांक सगळ्या ग्रेडचा एकच. लांब गाळ्यांच्या मजल्यांच्या बीममध्ये हे इतक्या वेळा घडतं की चाचण्यांची यादी करण्याआधी मी कमीत कमी ग्रेड धरून एक हिशेब करून बघतो. त्यातून किती बीमना खरोखर ग्रेड लागतो ते कळतं.

आणखी एक दिलासा. केंब्रिज विद्यापीठातल्या मॉइनिहन आणि ऑलवुड यांनी २०१४ मध्ये २३ इमारतींमधल्या दहा हजारांहून जास्त बीमचे हिशेब तपासले. सरासरी बीमची निम्मी क्षमताही वापरलेली नव्हती. आपल्या व्यवसायाला ही गोष्ट लागायला हवी, पण पुनर्वापर करणाऱ्याच्या ती कामी येते. उतरवलेल्या बीममध्ये बहुतेक वेळा शिल्लक क्षमता असते.

कॉलमचं मात्र वेगळं. तिथे बकलिंग (दाबाखाली अचानक बाजूला वाकणं) आहे, आणि पी ४२७ त्यासाठी १.१५ चा जादा गुणक लावायला सांगतं. तो टाळण्याच्या क्लृप्त्या शोधू नका. जुन्या भोकांकडेही लक्ष द्या. दीडशे मिलिमीटर रुंद फ्लँजमध्ये २२ ची दोन भोकं म्हणजे जवळजवळ तीस टक्के फ्लँज गेला. ती भोकं आधाराजवळ आली तर चालतात, गाळ्याच्या मध्यावर खालच्या फ्लँजला आली तर बीम उलटा फिरवून किंवा सरकवून लावता येतो का ते बघा. वेल्डने भोकं बुजवू नका, बुजवलेलं भोक उघड्या भोकापेक्षा जास्त त्रास देतं.

एखादा जुना बीम गरजेपेक्षा जड असेल तर वापरावा का? नव्या हलक्या पर्यायापेक्षा वीस-तीस टक्के जड असला तरी मी वापरतो. दुपटीवर गेला तर नाही. तो जिथे पूर्ण उपयोगी पडेल अशा दुसऱ्या कामासाठी ठेवणं बरं.

जबाबदारी कुणाची, हा प्रश्न लोक शेवटी विचारतात आणि काम तिथेच अडतं. नव्या स्टीलसोबत मिलचं प्रमाणपत्र येतं, जुन्यासोबत येत नाही, तेव्हा कुणीतरी आपल्या सहीने म्हणावं लागतं की या नंबरच्या बीमचे गुणधर्म हे असे. ती सही चाचण्या करून घेणाऱ्याची आणि डिझाइन करणाऱ्याची, दोघांची. म्हणून प्रत्येक बीमची एक पानाची नोंद तयार करा: नंबर, मूळ जागा, माप, सरळपणा, कठीणपणाची वाचनं, गटाचा प्रयोगशाळेतला निकाल, भोकांचं रेखाटन, फोटो. विमा कंपनी आणि परवानगी देणारा विभाग यांच्यासमोर या नोंदींचा नमुना पाडकामाआधी ठेवा. नंतर तयार झालेली फाइल दाखवली की त्यांना ती सारवासारव वाटते. फॅब्रिकेटरलाही (स्टील कापून-जोडून तयार करणाऱ्याला) आधीच बोलवा. त्याच्या यंत्रावर नवे, स्वच्छ, ठरावीक लांबीचे बीम चढतात. जुन्याला आधी ब्लास्टिंग, मोजमाप, टोकं सरळ करणं असं हाताचं काम जास्त आहे, आणि ते त्याने वेळापत्रकात धरलेलं नसेल तर तो तुमच्यावर वैतागेल.

खर्चाचं सरळ सांगतो: स्टीलची किंमत वाचते, पण उतरवण्याचा वेळ, चाचण्या, साठवण आणि हाताचं काम त्यातला मोठा भाग खाऊन टाकतात. कोण किती वाचवेल हे प्रत्येक कामात वेगळं निघतं. कामाचा घास घेतो तो जुनी इमारत उतरणं आणि नवी उभी राहणं यांतला काळ. दीड वर्षं स्टील पडून राहणार असेल तर ते जमिनीपासून उचलून, पाणी वेबमध्ये साचणार नाही अशा बेताने तिरकं रचा आणि दर तीन महिन्यांनी नंबर वाचता येतात का बघा.

तुमच्या बाबतीत मी या आठवड्यात इतकंच करेन. पाडकामाच्या करारातून "भंगार कंत्राटदाराचं" हे वाक्य काढून टाकेन, कारण ते राहिलं तर स्टील तुमचं उरतच नाही. वरच्या मजल्याच्या एका कोपऱ्यात छताचे फलक काढून बीमला स्लॅब कशी जोडली आहे ते बघेन, रंगाचे तीन नमुने प्रयोगशाळेला देईन, आणि पंच, हातोडा, कॅलिपर व जाड वही घेऊन एका टोकापासून नंबर ठोकायला सुरुवात करेन. दोन मजल्यांच्या इमारतीला दोन माणसांना चार दिवस पुरतात.